नळ क्रमांक सात

कापडाला सूत लागतं, सुताला रंग लागतो, रंगाला पाणी लागतं आणि पाण्याला परवानगी लागते. यातली शेवटची गोष्ट मिळवायला सर्वांत कठीण. पण ती एकदा मिळाली की आधीच्या तिन्हींची फारशी काळजी करावी लागत नाही, असं जाणकार सांगतात. (जाणकार म्हणजे ज्यांना ती मिळाली आहे ते.)

मिस्त्री अशाच एका कापड रंगवायच्या कारखान्यात नळांचं काम बघत. बाराशे माणसं, चौदा रंगटाक्या, साडेचार किलोमीटर पाइप आणि एक मिस्त्री, असा तो पसारा होता. कुठला पाइप कुठून निघतो आणि कुठे जातो हे साऱ्या कारखान्यात फक्त त्यांना माहीत होतं. नकाशा होता, नाही असं नाही. पण तो मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या चौकटीत लावलेला होता आणि दिसायला छान असल्यामुळे त्यात कोणी दुरुस्ती केली नव्हती. मिस्त्रींचा स्वभाव सरळ आणि हात त्याहून सरळ. सत्तावीस वर्षांत त्यांनी बसवलेला एकही जोड गळला नव्हता. याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या मुलाचाही नव्हता. (मुलाने तोवर तीन नोकऱ्या सोडल्या होत्या.)

कारखान्यातून बाहेर पडणारं पाणी दर तीन महिन्यांनी तपासलं जावं, असा नियम होता. तपासनीस यायचे, गटाराच्या तोंडाशी बाटली धरायचे, बाटली प्रयोगशाळेत जायची आणि तिथून जे पत्र यायचं ते वाचून मॅनेजरसाहेबांची भूक मरायची. टाक्यांमध्ये काळ्या पँटींचं कापड असताना घेतलेला नमुना तर 'हे द्रव आहे की घन, ते कळवावे' असा शेरा मारून परत आला होता.

मॅनेजरसाहेब विचारी गृहस्थ. त्यांनी तीन बैठका घेतल्या (हजर: नऊ. बिस्किटांचे पुडे: सहा. बोललेले: एक) आणि प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. दोष पाण्यात नाही, ते कुठून घेतलं जातं यात आहे. गिऱ्हाइकाला कापडाचा नमुना पाठवताना आपण ताग्यातला डाग पडलेला तुकडा कापतो का? नाही. ताग्यातला उत्तम तुकडा कापतो, आणि त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही, धंदा म्हणतात. मग पाण्याच्याच बाबतीत हा वेडेपणा कशासाठी? ठराव एकमताने मंजूर झाला.

त्याप्रमाणे मागच्या फाटकाजवळ, सिमेंटच्या स्वच्छ ओट्यावर, नळ क्रमांक सात बसवण्यात आला. वर बोर्ड लावला: 'प्रक्रिया केलेले सांडपाणी. पिऊ नये.' आणि तो नळ जोडला गेला अतिथिगृहाच्या गच्चीवरच्या टाकीला. कापड खरेदीला येणारे पाहुणे नाजूक पोटाचे असल्यामुळे त्या टाकीत पाच टप्प्यांच्या फिल्टरमधून गाळलेलं पाणी असायचं. सबंध आवारातलं सर्वांत स्वच्छ पाणी ते. मिस्त्रींनी कुंपणाच्या झुडपांखालून पाइप नेला, पितळी चाव्या वापरल्या आणि जोडाला धाग्याचा एक वेढा जास्तच दिला.

"काम खोटं असलं म्हणून जोड खोटा नको," ते म्हणाले.

पहिलाच नमुना नापास झाला. प्रयोगशाळेने कळवलं: 'नमुन्यात सांडपाण्याची कोणतीही लक्षणे आढळत नाहीत. कृपया सांडपाणी पाठवावे.' तेव्हा रंगमास्तरांना बोलावण्यात आलं. रंगमास्तर म्हणजे रंगखात्याचे प्रमुख. तीस वर्षांच्या सेवेत त्यांची नखं कायमची जांभळी झाली होती आणि खोकला कायमचा कोरडा. त्यांनी दोन दिवस प्रयोग करून पुढील कृती लिहून दिली:

पाणी, एक बादली.
निळा रंग, तीन थेंब. (चौथा पडल्यास बादली ओतून नव्याने सुरुवात करावी.)
मीठ, चिमूटभर.
सुताचा धागा, एक. तपासनिसाला दिसेल असा.

तपासणीच्या दिवशी ही बादली सातव्या नळाखाली ठेवण्यात आली आणि तिच्यातून भरलेला नमुना पहिल्या झटक्यात पास झाला. रंगमास्तरांनी आपल्या छटांच्या वहीत 'सांडपाणी, फिकट' अशी नोंदही करून ठेवली. पुढे एका खरेदीदाराला ती छटा इतकी आवडली की त्याने तिच्यात नऊ हजार शर्ट मागवले. ते रंगवताना गटारात जे पाणी गेलं ते मात्र या छटेचं नव्हतं.

आता कारखान्यात पिण्याच्या पाण्याचीही सोय होती, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर व्यवस्थापनावर अन्याय होईल. नळ क्रमांक दोनवर 'पिण्याचे पाणी' असा ठळक अक्षरांत बोर्ड होता. हे पाणी आवारातल्या बोअरचं. बोअर गटाराच्या इतकी शेजारी होती की दोघांचं येणंजाणं होतं, त्यामुळे ग्लास भरून बघितला की आत कोणता माल चालू आहे ते कामगारांना फलकाशिवाय कळायचं. मरून रंगाच्या दिवशी फक्त नवीन माणसंच पाणी प्यायची. एक नवीन मुलगी दोन्ही बोर्ड नीट वाचून क्रमांक दोनचं पाणी प्यायली आणि चार दिवस रजेवर गेली. तेव्हापासून प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समज देण्यात येऊ लागली की लिहिता वाचता येत असलं तरी ते इथे वापरू नये.

सातव्या नळाचं गुपित आठवडाभरही टिकलं नाही. मधल्या सुटीत 'पिऊ नये' या बोर्डाखाली रांग लागू लागली. बाराशेपैकी अकराशे चौऱ्याण्णव कामगार सांडपाणी पीत. उरलेले सहा जण घरून बाटली आणत, पण त्या बाटल्याही आदल्या दिवशी इथेच भरलेल्या असत. मॅनेजरसाहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. हाकलायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मिस्त्री रोज मधल्या सुटीत पाच पाच लिटरचे दोन कॅन भरून ठेवत आणि संध्याकाळी घरी नेत. घर कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या वस्तीत होतं आणि घरात दीड वर्षाची नात होती, चिमी. वस्तीच्या बोअरचं पाणी पिऊन चिमीचं पोट सारखं बिघडे. अंगावर पुरळ उठे, ते खाजवून खाजवून ती रडून रात्र काढी. उकळून काही उपयोग नव्हता. उकळलं की पाण्याचा रंग फक्त गडद व्हायचा. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं आणि वर म्हणाले, "औषधाने काही होणार नाही. पाणी बदला." वस्तीच्या बोअरमध्ये काय उतरतं हे मिस्त्रींना डॉक्टरांपेक्षा जास्त माहीत होतं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी भिंतीखालून बाहेरच्या खड्ड्यापर्यंतचा पाइप त्यांनीच टाकला होता. तोही कधी गळला नव्हता. नात रडायला लागली की त्यांना तो पाइप आठवायचा आणि जेवण जायचं नाही.

पहिल्या दिवशी कॅन बघून बायकोने विचारलं होतं, "अहो, हे कुठलं पाणी?"

"सांडपाण्याच्या नळाचं."

"नक्की ना? नाहीतर पिण्याच्या नळाचं आणाल."

"अगं, मीच बसवलाय तो नळ."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि तिने कॅन स्वयंपाकघरात उंच ठेवून दिले. पंधरा दिवसांत चिमीचं पुरळ बसलं, पोट सुधारलं. सून सासऱ्याला दुसरा चहा न मागता देऊ लागली.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग तपासनीस बाई आल्या. या सरकारी नव्हत्या. जी बडी कंपनी या कारखान्याकडून कापड घ्यायची तिने माणसांची आणि पाण्याची काय अवस्था आहे ते बघायला त्यांना पाठवलं होतं. त्या येणार हे तीन आठवडे आधी ठरलेलं होतं. मास्क वाटून झाले होते, हातमोजे वाटून झाले होते, ते कसे घालायचे याचा सरावही झाला होता. पण बाई तीनला यायच्या त्या साडेबारालाच आल्या, आणि त्यांचा ड्रायव्हर चुकून मागच्या फाटकाने आत शिरला.

समोर तीनशे माणसं बाटल्या घेऊन 'प्रक्रिया केलेले सांडपाणी. पिऊ नये.' या बोर्डाखाली उभी होती.

मॅनेजरसाहेब धावत आले तोवर बाईंनी रांगेतल्या सर्वांत वयस्क माणसाला गाठलं होतं. ते अर्थात मिस्त्री होते, हातात दोन कॅन.

"काका, तुम्ही हे पाणी पिता?"

मिस्त्रींनी साहेबांकडे बघितलं. साहेब आकाशाकडे बघत होते. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे मिस्त्रींनी खरं ते सांगितलं. "हो बाई. सगळेच पितात. मी घरी पण नेतो, नातीला. तिला हेच मानवतं."

बाईंनी बोर्ड पुन्हा एकदा वाचला. "आणि तुमच्या पिण्याच्या नळाचं?"

"ते नको, बाई," रांगेतून चारपाच जण एकदम म्हणाले.

बाईंनी ग्लास मागवला, भरला आणि डोळे मिटून एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग ग्लास संपवला. तेवढ्यात मॅनेजरसाहेबांना कंठ फुटला आणि ते म्हणाले, "मॅडम, आमचं सांडपाणी आमच्या पिण्याच्या पाण्यापेक्षा चांगलं आहे." (त्यांच्या एकोणीस वर्षांच्या कारकिर्दीतलं हे पहिलं पूर्ण सत्य विधान मानलं जातं.) बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. अकरा वर्षं हे काम करतेय, पण असं कधी पाहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या, आणि तेही खरंच होतं.

अहवाल बेचाळीस पानांचा निघाला. त्यातले मुख्य निष्कर्ष असे: एक, कारखान्याचं सांडपाणी पिण्यायोग्य असून किंचित गोड आहे. दोन, कामगारांना ते इतकं आवडतं की ते साध्या पाण्याला तोंड लावत नाहीत. तीन (पान नऊ), एका ज्येष्ठ कामगाराची नात याच पाण्यावर वाढत आहे. कारखान्याला स्वच्छतेचा मोठा सन्मान मिळाला. काचेचा हातभर उंचीचा थेंब होता तो. त्याच्यावरची धूळ पुसायला एक माणूस नेमावा लागला.

सन्मान आला की मागोमाग निर्णय येतात. बाहेर पडणारं पाणी पिण्यायोग्य असेल तर ते बाहेर सोडण्यावर मर्यादा कशासाठी, हा प्रश्न आपोआप निर्माण झाला आणि मर्यादा तिप्पट करण्यात आली. पाच वर्षं तपासणीतून सूट मिळाली, कारण उत्कृष्ट सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा पुन्हा तपासणं हा अविश्वास झाला असता. वस्तीसाठी लांबून पाणी आणायची योजना कागदावर होती, ती रद्द झाली. ज्यांच्या भिंतीला लागून असं पाणी वाहतं त्यांना आणखी पाणी देणं ही उधळपट्टी आहे, असं संबंधितांचं मत पडलं. वस्तीतल्या लोकांनी हरकत घेतली तेव्हा त्यांना अहवालाची प्रत देण्यात आली. ती रंगीत छपाईची होती आणि कागद फार उत्तम होता.

राहता राहिला सातवा नळ. बाराशे माणसं पीत असल्यामुळे अतिथिगृहाची टाकी दुपारी दोनलाच कोरडी पडे. एका पाहुण्याला अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत वीस मिनिटं थांबावं लागलं आणि त्याने त्याच अवस्थेत फोन केला. मॅनेजरसाहेबांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

"मिस्त्री, सात नंबरची जोडणी बदला. बोर्डावर जे लिहिलंय तेच नळाला येऊ दे. गटाराची लाइन द्या."

"साहेब?"

"आता तपासणी नाही. मग खोटेपणा कशाला करायचा? आपण आता प्रामाणिक कंपनी आहोत."

मिस्त्री सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांपुढे काही मागायला तोंड उघडत होते. "साहेब, बाकी राहू दे. पण माझी नात लहान आहे. आत्ता कुठे बरी झालीय. रोज एक कॅन मला फिल्टरच्या टाकीचा भरू द्या. पाहुणे नसतील तेव्हा भरीन."

साहेब दुष्ट नव्हते. त्यांनी अहवाल काढला, पान नऊ उघडलं आणि मिस्त्रींना शेजारी बसवून वाचून दाखवलं. "बघा, काय लिहिलंय? तुमची नात सांडपाणी पिते. छापून आलंय. उद्या तिला फिल्टरचं पाणी पाजलं तर हा सगळा अहवाल खोटा पडेल की नाही? कंपनीचं सोडा, त्या बाईंची नोकरी जाईल. तुम्हाला चालेल?"

मिस्त्रींना ते चाललं नसतं. ते नळाचा पाना घेऊन मागच्या फाटकाशी गेले आणि जोडणी बदलली. जोड अर्थातच पक्का बसला. नळातून पहिल्यांदाच बोर्डावर लिहिलेलं पाणी आलं; त्या दिवशी आत लष्करी हिरव्या पँटींचं काम चालू होतं. अतिथिगृहाच्या टाकीला कुलूप लागलं आणि किल्ली साहेबांच्या खिशात गेली.

संध्याकाळी बायकोने रिकामे कॅन बघितले आणि खाली जमिनीवर ठेवले. महिनाभरात चिमीच्या अंगावर पुन्हा पुरळ उठलं, या खेपेला मानेवर आणि कानांमागेही. मिस्त्री दोन वस्त्या ओलांडून सायकलवरून पाणी आणू लागले. पण गटाराची मर्यादा तिप्पट झाली होती ना. दर महिन्याला आणखी एक वस्ती ओलांडावी लागे. सुनेने दुसरा चहा बंद केला नाही, पण देताना ती बघायची दुसरीकडे. मिस्त्रींना वाटे, तिने एकदा सरळ भांडावं. ती भांडली नाही.

आणि मग बड्या कंपनीकडून निरोप आला की पान नऊवरच्या मुलीचा फोटो हवा आहे. नव्या हंगामाच्या शर्टांना पुठ्ठ्याचं लेबल लावायचं, त्यावर ही मुलगी सातव्या नळाखाली ग्लास धरून पाणी पिताना दिसेल, आणि खाली लिहिलेलं असेल: 'तुमच्या शर्टाचं पाणी.'

फोटोग्राफर आला, दिवे लागले, चिमीला पांढरा फ्रॉक घातला. पुरळ पावडर लावून झाकलं. नळ सोडला. फोटोग्राफरने एकदा ग्लासकडे बघितलं, एकदा मॅनेजरसाहेबांकडे बघितलं आणि म्हणाला, "हे फोटोत चांगलं दिसणार नाही." साहेबांनी खिशातून किल्ली काढली. अतिथिगृहाच्या टाकीतून बादली भरून आली.

चिमीने ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि घटाघट संपवला. "छान! पण डोळे मिटले," फोटोग्राफर म्हणाला. "परत." दुसरा ग्लास. मिस्त्री दिव्यांच्या मागे उभे होते. त्यांच्या लक्षात आलं की फोटो बिघडला की ग्लास भरतो. सत्तावीस वर्षांत एकही काम न बिघडवलेल्या त्या माणसाने मग हळूच जीभ काढून दाखवली, कान हलवले, डोक्यावर बादलीचं झाकण ठेवलं. चिमी खिदळत सारखी भलतीकडेच बघत राहिली. घोट घोट, ग्लास ग्लास करत अकरा फोटो बिघडले, बारावा जमला. पोट तट्ट फुगलेली नात खांद्यावर झोपी गेली आणि बादलीत उरलेलं पाणी मिस्त्रींनी कोणाचं लक्ष नसताना कॅनमध्ये ओतून घेतलं. ते चार दिवस पुरलं. चार दिवस पोरगी रडली नाही.

फोटोग्राफर सामान आवरत होता तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, "पुन्हा कधी येणार?"

"पुढच्या हंगामाला. नवे कपडे, नवा फोटो."

"म्हणजे वर्षाने?"

तो हसला. "काका, कुठल्या जमान्यात आहात? पूर्वी वर्षाला दोन हंगाम असायचे. आता बारा झालेत. लोक असेच घेत राहिले तर पुढच्या वर्षी बावन्न करणार म्हणतात."

बारा हंगाम म्हणजे महिन्यातून चार दिवस स्वच्छ पाणी. बावन्न म्हणजे आठवड्यातून चार दिवस. मिस्त्रींचे स्वतःचे शर्ट दोन, एक अंगावर आणि एक दोरीवर. नवनवे कपडे घेणाऱ्यांना त्यांनी जन्मभर नावं ठेवली. आता ते माल नेणाऱ्या ट्रकशेजारी उभे राहतात आणि खोकी मोजतात. खोकी जास्त गेली की त्यांचा चेहरा खुलतो. न खपलेला माल परत आला की ती खोकी ते दोनदा मोजतात. जास्त खोकी म्हणजे गटारात जास्त पाणी हेही त्यांना कळतं, पाइप त्यांचाच आहे. पण नात आधी.

तेव्हा वाचकहो, सगळं आता तुमच्याकडे आहे. हे वाचताना तुमच्या अंगात जो शर्ट आहे तो अजून चांगला आहे, कॉलर शाबूत आहे, बटणं जागच्या जागी आहेत, आणखी चार वर्षं सहज जाईल, हे आम्हाला मान्य आहे. पण माणसाने इतकं अप्पलपोटं असू नये. तो एक शर्ट रंगवायला जेवढं पाणी लागलं तेवढं चिमीला किती दिवस पुरलं असतं, असले प्रश्न काढून वेळ घालवू नका. तेवढ्यात एक हंगाम निघून जातो. नवा घ्या. लेबल मानेला टोचतं म्हणून कापून टाकलंत तरी चालेल, त्यावरच्या चिमीकडे बघितलंच पाहिजे असं काही नाही. कपाट भरलं असेल तर कपाट मोठं घ्या. मुलगी तहानलेली आहे.